प्रतिपूर्ती

माधवराव सप्रे रायपूरला राहिले, इथेच वारले. त्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ मराठीतून हिंदीत नेले. त्याच गावात राहून मी जे काही एका भाषेतून दुसरीत नेते, त्यात परिपत्रकं, माहितीपत्रकं आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिका यांचाच भरणा जास्त. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना मनात वेगळी चित्रं होती. कादंबऱ्याही करते, पण घर चालतं ते परिपत्रकांवर, शब्दामागे ठरलेल्या दराने.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात असंच एक काम आलं. आयुष्मान योजनेची माहिती इंग्रजीतून हिंदीत आणि मराठीत करायची होती. अशा कामात खरी गंमत दोन भाषांच्या सरकारी शब्दांत असते. महाराष्ट्रात ज्याला ‘लाभार्थी’ म्हणतात, त्याला आमच्या छत्तीसगडात ‘हितग्राही’ म्हणतात. एकाला लाभाची इच्छा आहे, दुसऱ्याने हित हातात घेतलेलं आहे. ‘रीइम्बर्समेंट’ला मात्र दोन्हीकडे एकच शब्द, ‘प्रतिपूर्ती’. मी तो न थबकता लिहिला. रुग्णालयाने गरीब रुग्णावर उपचार करायचे आणि सरकारने त्याची प्रतिपूर्ती करायची. जेवढं रिकामं झालं तेवढं पुन्हा भरायचं, असं तो शब्द सांगतो. पुढे ओळ होती : तपासण्या, औषधं, इम्प्लांट, जेवण, भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यावरचे १५ दिवस, सगळं पॅकेजमध्ये, रुग्णाकडून काहीही घ्यायचं नाही. ‘निःशुल्क’ हा शब्द मी ठळक केला.

आमच्याकडे स्वयंपाकाला येते तिला मी दीदी म्हणते, तीही मला दीदीच म्हणते. रोपणीच्या दिवसांत तिची आई अभनपूरच्या पुढे गावी अंगणात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. सरकारी रुग्णालयात नंबर लागायला वेळ होता. दाईचे हाल बघवेनात, म्हणून भावाने तिला शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. कार्ड होतं, नाव यादीत होतं, अंगठाही जुळला. दुसऱ्या दिवशी दीदी माझ्याकडे आली ती पोळ्या न करताच दारात उभी राहिली. “दीदी, कार्ड त हे, फेर पइसा काबर मांगथें?”

मी तिच्याबरोबर गेले. खिडकीवरच्या मुलाने अगदी सौजन्याने सांगितलं, “ऑपरेशन कार्ड से हो जाएगा मॅडम, प्लेट का अलग लगेगा. कार्डवाली प्लेट हम नहीं लगाते.” चौदा हजार. पावती मागितली तर कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला. मी त्याला माझंच वाक्य ऐकवलं, इम्प्लांट धरून सगळं पॅकेजमध्ये आहे म्हणून. तो म्हणाला, “लिखा तो है.” एवढंच. तक्रारीचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, माहितीपत्रकात मीच तो दोन भाषांत टाईप केला होता. दीदीने माझा हात धरला. तक्रार केली आणि दाईला तसंच परत पाठवलं तर? संध्याकाळी दाईची चांदीची करधन गोलबाजारातल्या सोनाराकडे गहाण पडली आणि सकाळी ऑपरेशन झालं.

मी संतापले होते. तो संताप घेऊन मी आमच्या डॉक्टरकाकांकडे गेले. हे सख्खे काका नव्हेत, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीपासूनची ओळख. त्यांचं छोटं प्रसूतिगृह आहे. मला वाटलं होतं, तेही माझ्याबरोबर चिडतील. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, “मी योजनेतून का बाहेर पडलो, माहीत आहे तुला?” मला ते बाहेर पडलेत हेच माहीत नव्हतं.

त्यांनी एका लेटरहेडच्या पाठीमागे आकडे मांडले. २०१८ साली आयुष्मान योजना आली तेव्हाच्या यादीत सिझेरियनचा दर ९,००० रुपये होता. भूलतज्ज्ञाची फी, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ, टाके, औषधं, शस्त्रक्रियागृहाचं निर्जंतुकीकरण, दोन पाळ्यांच्या नर्सा, चारपाच दिवसांची खाट, जेवण, वीज. बेरीज करताना ते मध्येच थांबले. “आणि हे नऊ हजार कधी येतील, ते सांगता येत नाही. क्लेममध्ये एक कागद कमी निघाला तर त्यातूनही कापणार. भूलतज्ज्ञ मात्र त्याच रात्री पैसे मागतो.”

“मग तुम्ही वरचे पैसे घेतलेत?”

“नाही घेतले. म्हणून तर बाहेर पडलो.”

“आणि त्या बायका कुठे गेल्या, काका?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, “अगं, तुझा शब्दाचा दर शेवटचा कधी वाढला?”

सात वर्षांपूर्वी. या सात वर्षांत मी काय केलं, तेही मला ठाऊक आहे. आधी मी प्रत्येक अनुवाद दोनदा वाचायची, एकदा मूळ समोर ठेवून, एकदा मूळ मिटून. आता माहितीपत्रकांसाठी दुसरं वाचन मी सोडून दिलंय. कुणाला कळत नाही. दर तोच राहिला की काम स्वस्त होत नाही, त्यातलं काहीतरी गुपचूप गळतं. माझ्या कामात वाक्याची लय गळते. रुग्णालयात काय गळतं, ते दाईच्या करधनीने दाखवलं. तरी त्या दोन गोष्टी सारख्या नाहीत. मी दुसरं वाचन सोडलं म्हणून कुणाला दागिना गहाण टाकावा लागत नाही.

त्यानंतर मी जे माहितीपत्रक नुसतं शब्दशः पार केलं होतं, त्याच्या मागचा इतिहास वाचायला घेतला. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण होतं. छत्तीसगडने २०१२ मध्ये स्वतःची योजना आणून उरलेल्या कुटुंबांनाही स्मार्ट कार्ड दिलं. त्याच वर्षी राज्यातल्या काही खासगी दवाखान्यांनी गावोगावच्या बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढल्याची प्रकरणं बाहेर आली, काही डॉक्टरांच्या नोंदण्या निलंबित झाल्या. चुकीचा दर दोन्ही बाजूंनी चुकतो हे मला तेव्हा उमगलं. एखाद्या उपचाराचा दर खर्चापेक्षा फार कमी असला तर रुग्णाला दार बंद होतं किंवा खिडकीवर पैसे मागितले जातात. एखाद्याचा दर खर्चाच्या मानाने सोयीचा असला तर नको तिथे सुरी चालते.

२०१८ च्या दरांवर डॉक्टरांच्या संघटनेने जाहीर टीका केली होती. २०१९ मध्ये यादी सुधारली, २०२२ मध्ये पुन्हा. त्यासाठी चंडीगडच्या पीजीआयने देशभरातल्या रुग्णालयांत एकेका उपचाराला खरोखर किती खर्च येतो याचा अभ्यास केला, आणि २०२२ पासून शहराच्या प्रकारानुसार वेगवेगळा दर आला. हे योग्यच झालं. पण खर्च रोज वाढतो आणि यादी अधूनमधून सुधारते. खुद्द केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएसचे दर २०१४ नंतर व्यापकपणे बदलले ते थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये. ज्यांच्या फायली दिल्लीतच फिरतात त्यांची ही गत, तर अभनपूरच्या दाईसाठी घाई कोण करणार? आमच्या राज्यात योजनेची नावं मात्र वेळच्या वेळी बदलतात. २०२० मध्ये डॉ. खूबचंद बघेल यांचं नाव होतं, सरकार बदलल्यावर शहीद वीर नारायण सिंह यांचं आलं. दोघंही छत्तीसगडचे, दोघंही आदराचे. दोन्ही वेळा माहितीपत्रकं नव्याने छापली गेली. अनुवादकांना काम मिळालं, हे मी नाकारत नाही.

डॉक्टरकाकांचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही. दर वाढवला की वरचे पैसे मागणं आपोआप थांबेल, असं ते सुचवतात. रायपूरच्या वस्त्यांमधल्या बायकांचा अभ्यास झाला आहे, नंतर राज्यात घरोघरी पाहण्याही झाल्या. कार्ड असूनही खासगी रुग्णालयात लोकांना खिशातून पैसे द्यावे लागले, हेच त्यातून पुन्हा पुन्हा दिसलं. जे घेऊ शकतात, ते दर वाढल्यावरही घेतील. शिवाय एकच दर सगळीकडे एकच अर्थ सांगत नाही. सरकारी रुग्णालयात पगार आणि इमारत यांचे पैसे आधीच वेगळे आलेले असतात, तिथे क्लेमची रक्कम ही भर असते. मोठ्या खासगी रुग्णालयात ती रिकाम्या खाटा भरायच्या कामी येते. काकांच्या बारा खाटांत तोच आकडा तोटा असतो. म्हणून दर खर्चाच्या हिशेबाशी बांधून ठराविक काळाने बदलायला हवेत, तो हिशेब सगळ्यांना वाचता यायला हवा, पैसे वेळेवर पोचायला हवेत. आणि हे सगळं केल्यावर कोऱ्या कागदावर आकडा लिहून देणाऱ्या रुग्णालयाला जबर दंड हवा. यातली पहिली अट पाळल्याशिवाय शेवटची बजावायला गेलं, तर काकांसारखे बाहेर पडतात आणि खिडकीवरचा तो सौजन्यशील मुलगा तेवढा उरतो.

मराठी मसुदा पाठवायची तारीख आली तेव्हा मी तो दुसऱ्यांदा वाचला, मूळ मिटून. ‘प्रतिपूर्ती’पाशी थांबले. सरकार झालेला खर्च भरून देत नाही, आधी ठरवलेली एक रक्कम देते. खर्च त्याहून जास्त असेल तर उरलेलं कुणीतरी भरतंच, त्याची पूर्तता होतेच. मी समासात टीप लिहिली : इथे ‘ठरावीक रक्कम’ म्हणावं का? तिकडून उत्तर आलं, शासकीय संज्ञा बदलू नये. बरोबर आहे त्यांचं. त्याच पत्रात मी दर वाढवून मागितला होता, त्याबद्दल पुढच्या आर्थिक वर्षात बघू, असं लिहिलं होतं.

दाई आता वॉकर धरून अंगणापर्यंत येते. थोडे पैसे मी दिले, थोडे भावाने उचल घेऊन. दीदी तेव्हा म्हणाली होती, “देवारी तक छोड़ा लेबो.” देवारी येऊन गेली. सोनाराचं व्याज महिन्याच्या महिन्याला चढतं, आणि त्याचा दर त्याने चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहून दिलेला आहे.