लोहगांवची मिटलेली खिडकी

पुण्याच्या ईशान्येस असलेलें लोहगांव वारकऱ्यांस तुकोबांचें आजोळ म्हणून ठाऊक आहे; विमानानें जाणारांस तें विमानतळ म्हणून ठाऊक असतें. परंतु हा विमानतळ मुळांत प्रवाशांचा नव्हेच. 1939 मध्यें तो लष्करी विमानांसाठीं उभारला गेला. आजही धावपट्टी हवाई दलाची आहे, आणि आपण प्रवासी तेथें केवळ पाहुणे आहों. 2024 च्या जुलैंत सुरू झालेल्या नव्या प्रशस्त इमारतींत वावरतांना या गोष्टीचा विसर पडतो. आम्हांसही तो पडला होता.

2025 च्या जून महिन्यांत आम्ही सहकुटुंब दिल्लीस निघालों. बरोबर नऊ वर्षांचा नातू होता. त्याचा पहिलाच विमानप्रवास, म्हणून खिडकीची जागा त्यास दिली होती. विमान हलणार तोंच विमानसेविकेनें खिडकीची झडप खालीं ओढावयास सांगितलें व बाहेरचें चित्र कोणीं घेऊं नये, अशी सूचना केली. पहलगामचा हल्ला व त्यानंतरचा संघर्ष ताजा असतांना, त्याच वर्षीं मे महिन्यांत, नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें हुकूम काढला होता. संरक्षणखात्याच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेकडील, विमान दहा हजार फूट उंची गाठीपर्यंत आणि उतरतांना तितक्याच उंचीपासून खिडक्या मिटलेल्या असाव्यात, असा तो हुकूम. संकटकालीन दारांजवळच्या खिडक्या तेवढ्या वगळल्या होत्या; कारण अपघात झालाच तर बाहेर आग आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून दार उघडतां येत नाहीं.

नातवाचा चेहरा उतरला. आम्हांसही थोडा राग आला. आकाशांतून उपग्रह इंच न् इंच जमीन टिपीत असतां एका पोरानें काचेंतून पाहिलें, तर कोणतें गुपित फुटणार? प्रश्न अगदींच पोरकट नव्हता. पण त्याचें उत्तर आम्हांस पूर्वींच मिळालें होतें, आणि तेंही आमच्याच चुकींतून.

आमचा पुतण्या सैन्यांत आहे. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें आपल्या आईस बर्फांत काढलेला स्वतःचा फोटो पाठविला. पाठीमागें गाड्यांची रांग, आणि तिच्याहि मागें डोंगराची कड. एकत्र कुटुंबांत कोणाचें पत्र आलें, तर तें सर्वांसमक्ष वाचण्याची रीत. त्याच रीतीस अनुसरून आम्हीं तो वहिनींकडून मागून घेतला आणि मोठ्या अभिमानानें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप-मंडळांत धाडला. खालीं पलटणीचें नांव व ‘कालच पोहोंचला’ ही वार्ताही लिहिली. रात्रीं त्याचा फोन आला.

“काका, रागावूं नका, पण तो फोटो आधीं काढून टाका. चूक माझीही आहे, मीं तो पाठवायलाच नको होता. त्यांत गाड्या मोजतां येतात.”

आम्हीं तो तात्काळ काढला. परंतु तोंपर्यंत कितीजणांनीं तो पुढें धाडला असेल, हें कोण सांगणार? पुढें कित्येक दिवस वहिनींच्या नजरेस नजर देणें आम्हांस जड गेलें.

उपग्रहास इमारती दिसतात. पण कोण आला, केव्हां आला, काय घेऊन आला, हें हौसेनें काढलेल्या एखाद्या फोटोंतून कळून जातें. शिवाय मोबाइलच्या चित्रांत वेळ व पुष्कळदां अक्षांश-रेखांशही आपोआप नोंदले जातात. 2007 मध्यें इराकांतील अमेरिकी तळावर नवीं हेलिकॉप्टरें आलीं, तेव्हां शिपायांनीं त्यांचे फोटो इंटरनेटवर चढविले. त्यांतील स्थळनोंदीवरून शत्रूनें उखळी तोफांचा मारा केला व चार हेलिकॉप्टरें नष्ट झालीं, असें अमेरिकेच्या लष्करानेंच पुढें सांगितलें. 2018 च्या जानेवारींत तर फोटोचीही गरज नाहीं, असें दिसून आलें. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपनें धांवणारांच्या मार्गांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यांत अफगाणिस्तान व सीरिया येथील काळोख्या मुलुखांत उजळलेल्या रेघा ऑस्ट्रेलियांतील एका विद्यार्थ्याच्या ध्यानीं आल्या. त्या तळांवरील शिपायांच्या व्यायामाच्या फेऱ्या होत्या. त्याच वर्षीं ऑगस्टांत अमेरिकेनें मोहिमांच्या प्रदेशांत स्थळदर्शक सोयी वापरण्यास आपल्या सैनिकांस मनाई केली.

आपल्याकडील शासकीय गुपितांच्या 1923 च्या कायद्यानें फोटोस रेखाटनाच्याच पंक्तीस बसविलें आहे, आणि लष्करी तळ हें त्याच्या दृष्टीनें निषिद्ध स्थळ होय. कौटिल्य तर याहून सावध. मसलतीच्या जागीं पक्ष्यांचीही नजर पोहोंचूं नये, पोपट-मैनांनीं गुपितें फोडल्याचें ऐकिवांत आहे, असें अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणांत तो बजावतो. शिकवितांना या वाक्यास आम्ही हंसत असूं. आज प्रत्येकाच्या खिशांत एक पोपट आहे, आणि गोष्ट षट्कर्णी होण्यास त्यास एक क्षण पुरतो.

झडप मिटलेली असतांना नातवानें विचारलें, “आजोबा, खालीं काय आहे?”

“तुझे काका जेथें काम करतात, तसली जागा.”

तो गप्प राहिला. थोड्या वेळानें झडप उघडली. खालीं पांढरेशुभ्र ढग पसरले होते. “आतां काढूं फोटो?” त्यानें विचारलें. आम्हीं मोबाइल त्याच्या हातीं दिला. ढग कोणाचेंही गुपित नव्हत.