फॉर्मला जोडलेलं पान

सोमवार, 9 जून 2025

कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडून, म्हणजे आयक्यूएसीकडून, फॉर्म आला. 2024-25 चा स्वयंमूल्यमापन अहवाल, पुराव्यांसह, महिनाअखेरीच्या आत. स्टाफरूममध्ये दिवसभर झेरॉक्स, प्रमाणपत्रं आणि फायलींचीच बोलणी.

यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीने हा हिशेब पूर्वीपेक्षा पुष्कळ सुटसुटीत केला आहे. 2010 च्या पद्धतीत बारीकसारीक कामाचे गुण मांडत बसावं लागे. आता अध्यापनाला एकच प्रश्न: नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले? 80 टक्के किंवा जास्त असतील तर ‘चांगले’, 70 ते 80 ला ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. दुसऱ्या भागात परीक्षेचं काम, प्रशासन, विद्यार्थ्यांचे उपक्रम, परिसंवाद, संशोधन यांतली तीन कामं दाखवली की तिथेही ‘चांगले’. निबंध आणि पुस्तकं यांचे गुण वेगळ्या तक्त्यात. ते बढतीच्या वेळी मोजतात.

माझे तास भरतात, मस्टर आणि टीचिंग डायरी जुळतात. पहिला भाग लगेच भरून झाला. पण या वर्षी वर्गात काय घडलं, ते त्या टक्क्यांत कुठेच नाही, आणि ते लिहिल्याशिवाय खाली सही करावीशी वाटेना.

मंगळवार, 10 जून

1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. 1860 च्या दंड संहितेची 511 कलमं जाऊन 358 आली. खून 302 वरून 103 वर गेला, फसवणुकीचं 420 हे 318 च्या चौथ्या पोटकलमात. त्याच दिवशी लागू झालेली नागरिक सुरक्षा संहिता 531 कलमांची, साक्ष अधिनियम 170 कलमांचा. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या आकड्यांच्या. वर्गातली अडचण निराळी होती. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते, म्हणजे आज शिकणाऱ्या मुलांना वकिलीची पुढची कित्येक वर्षं दोन्ही कायदे हाताशी ठेवावे लागणार. निवाडे सगळे जुन्या कलमांवरचे.

आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं मराठी माध्यमातून आलेली. जिल्हा आणि तालुका न्यायालयाचं कामकाज मराठीत चालतं, ही मुलं पुढे तिथेच उभी राहणार. त्यांच्यासाठी जुन्या-नव्या कलमांचा मराठी तक्ता केला. नुसते क्रमांक समोरासमोर ठेवले नाहीत. शब्द कुठे बदलला, शिक्षा कुठे वाढली, समाजसेवा ही शिक्षा कलम 4 मध्ये नव्याने आली ती कोणत्या गुन्ह्यांना लागते, हे सगळं एकेका ओळीत. रोज संध्याकाळी दोन-चार कलमं. मुलांनी त्याच्या प्रती काढल्या, त्या आता कोर्टात जाणाऱ्या ज्युनिअर वकिलांकडेही दिसतात.

यूजीसीच्या तक्त्यात अनुवादाला गुण आहेत: प्रकरणाला किंवा निबंधाला 3, पुस्तकाला 8. पण अनुवाद छापलेला हवा. वर्गासाठी केलेल्या टाचणाला रकाना नाही. ज्या वर्षी देशाचे मूळ फौजदारी कायदे बदलले, त्या वर्षी कायद्याच्या शिक्षकाला ‘तुम्ही हा बदल कसा शिकवला?’ एवढं तरी विचारायला हवं होतं.

शुक्रवार, 13 जून

आज शेवटच्या वर्षाच्या डायऱ्या तपासल्या. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार अभिरूप न्यायालयाच्या पेपरमध्ये 30 गुण न्यायालयातलं कामकाज पाहण्याला आहेत. एक दिवाणी खटला, एक फौजदारी. मुलांनी कोर्टात बसायचं आणि रोज काय झालं ते नोंदवायचं. अशिलाची मुलाखत ऐकणं आणि कागदपत्रांची तयारी पाहणं याला आणखी 30.

बऱ्याच डायऱ्या एका साच्यातल्या असतात: ‘साक्षीदार गैरहजर. पुढील तारीख नेमली.’ एका मुलाने मात्र चेक न वटल्याचा खटला, कलम 138 चा, तारखेमागून तारीख बसून पाहिला. त्यातही फारसं काही घडलं नाही. पण त्याने फिर्यादीची चौकशी केली. तो किती वाजता घरून निघाला, कोणत्या एसटीने आला, दुकान बंद ठेवल्याने त्या दिवशीचं काय बुडालं, पुकारा होईपर्यंत कुठे बसून होता, हे सगळं लिहिलं. खाली ओळ: ‘आरोपीने स्थगितीचा अर्ज दिला तेव्हा फिर्यादीचा येण्याजाण्याचा खर्च मागायला हवा होता, वकिलांनी मागितला नाही.’

ही ओळ पुस्तकातून आलेली नाही. कोर्टाच्या बाकावर बसून, स्वतः विचार करून त्याने ती लिहिली आहे. चार वर्षांपूर्वी हाच मुलगा वर्गात तोंड उघडत नसे. डायरीचे गुण त्याला मिळतील, विद्यापीठाकडे जातील. माझ्या फॉर्ममध्ये मात्र ‘शिकवलेल्या मुलाला काय येऊ लागलं’ याला जागा नाही, आणि शिकवण्याचं फळ म्हणतात ते याहून दुसरं काय असतं?

रविवार, 15 जून

संशोधनाचा रकाना. यंदा एक निबंध. आमच्या विषयगटात समीक्षित नियतकालिकातल्या एका निबंधाला 10 गुण. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला 70 टक्के, म्हणजे सात-सात. एकट्याने लिहिलं तर दहा, दोन नावं घातली की दोघांचे मिळून चौदा. मग नाव घालण्याची देवघेव चालते. ती सर्वांना ठाऊक आहे, त्यामागे एका गुणावर अडलेली माणसंही आहेत. म्हणून मी माणसांना दोष देत नाही, दोष त्या गणिताला देते.

यूजीसीने फेब्रुवारीत मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली. आता नियतकालिक बरं की वाईट हे संस्थेनेच ठरवायचं. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, असे मेसेज तेव्हापासून जास्तच येतात.

माझा निबंध हक्कसोडपत्रांवर आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली, महाराष्ट्रात तर 1994 पासूनच तसा कायदा होता. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही. निवाड्यावर लिहिणारे शेकडो. पण मुलीला मिळालेला हक्क दुय्यम निबंधकाच्या टेबलावर सहीने कसा परत जातो, ते पाहायला त्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसावं लागतं. दस्तलेखकांशी बोलावं लागतं, ‘राखीच्या आधी उरकून घ्या’ असं सांगणारे भाऊ ऐकावे लागतात. या कामाला दोन उन्हाळे गेले. गुण दहाच मिळतील आणि त्याबद्दल तक्रार नाही. कायद्याच्या शिक्षकाने निवाड्याच्या पुढे जाऊन पाहावं, एवढंच मला म्हणायचं आहे.

बुधवार, 18 जून

‘विस्तार कार्य: पुरावा जोडा.’ विधी सेवा शिबिराचे फोटो, बॅनर स्पष्ट दिसेल असे. उपस्थितीपत्रक. सरपंचांचं पत्र. सगळं आहे.

जे जोडता येत नाही ते इथे लिहिते. खटाव तालुक्यातलं शिबिर, मारुतीच्या देवळाचा मंडप. भाषणं संपल्यावर एक बाई थांबल्या, पदराखालून घडी घातलेला कागद काढला. “वकीलबाई, भाऊ म्हणतोय सोसायटीच्या कर्जाला लागतंय, सही कर. केली तर काय व्हतं?” कागद हक्कसोडपत्राचा मसुदा होता, त्यात जमिनीचे तीन गट, आणि कर्जाचा उल्लेख कुठेच नाही.

मी बोलणार तेवढ्यात शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी त्यांच्याशेजारी खाली बसली. सगळा कागद मोठ्याने, सावकाश वाचून दाखवला. म्हणाली, “मावशी, हे कर्जाचं नाही. हा दस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदवला की जमिनीतला तुमचा हिस्सा गेला, मग तो परत आणणं फार अवघड. आज सही करू नका. भावाला सांगा, आधी वाचून घेते. भांडायची गरज नाही.” मग बाईंनी खरा प्रश्न विचारला: “सही नाही केली तर माहेर तुटंल का?” मुलगी गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “ते मला सांगता यायचं नाही. पण वकील लागला तर बायकांना फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात मी तुमच्याबरोबर येईन.”

फुकट वकिलाचं, विधी सेवा कायद्याचं कलम 12 तिला पाठ होतंच. पण जिथे कायद्याकडे उत्तर नाही तिथे ते नाही म्हणून सांगणं, आणि तरी माणसाला एकटं न सोडणं, हे परीक्षेत विचारत नाहीत. त्या शिबिराची सगळी आखणी आमच्या सीएचबीवरच्या सहकाऱ्याने केली. तासावर नेमलेल्यांना कॅस, म्हणजे बढतीची योजना, नाही, म्हणून हा फॉर्मही नाही. त्याच्या कामाची नोंद कुठेही होत नाही. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते.

शनिवार, 21 जून

काल रात्री एक पान लिहून फॉर्मला जोडलं. त्यात चार गोष्टी: नवे कायदे वर्गात कसे शिकवले आणि मुलं कुठे अडली, डायऱ्यांतून काय दिसलं, हक्कसोडपत्रांचं काम कुठवर आलं, आणि शिबिर कोणी उभं केलं, नावानिशी.

प्राचार्य सरांनी फॉर्म चाळला. “मॅडम, हे पान कमिटी वाचणार नाही. याला गुण नाहीत.”

“गुणांसाठी नाही, सर. तुम्ही वाचा.”

त्यांनी वाचलं. कलमांच्या तक्त्याची प्रत मागून घेतली. मग डायऱ्यांवर आले. मुलं कोर्टात परीक्षेच्या तोंडावर घाईने जातात, त्यापेक्षा ऑगस्टपासूनच दर आठवड्याला एक दिवस ठेवता येईल का? आम्ही वेळापत्रक काढून बसलो. गुरुवारचे सकाळचे दोन तास हलवले तर जमतं. सीएचबीच्या कामाची नोंद कॉलेजच्या पातळीवर तरी ठेवावी, असा ठराव आयक्यूएसीच्या पुढच्या बैठकीत मांडायला त्यांनी होकार दिला. मसुदा मी करायचा. तालुका विधी सेवा समितीला शिबिरांसाठीचं पत्र दुपारीच गेलं. यंदा बॅनरबरोबर हक्कसोडपत्राचा एक कोरा नमुना न्यायचा आणि बायकांना ओळ न् ओळ वाचून दाखवायचा, असं मुलांनी ठरवलं आहे.