वगळलेल्यांची यादी

भारतीय हॉकी संघाची यादी जाहीर झाली की मी आधी तिच्यात नसलेली नावं वाचते. ती छापलेली नसतात, पण दिसतात. गेल्या दौऱ्यात मधल्या फळीत कोण जीव तोडून पळालं, कुणाचा गुडघा अजून बरा नाही, कुणाचं प्रशिक्षकाशी जमत नाही अशी कुजबूज आहे, हे सगळं डोक्यात असतंच. मग यादीवरून नजर फिरवायची आणि जिथे ती अडखळते तिथे थांबायचं. क्रिकेटच्या संघनिवडीवर सगळा देश बोलतो, त्यामुळे तो राग वाटला जातो. हॉकीवर रागावणारे आम्ही थोडे. प्रत्येकाच्या वाट्याला जरा जास्तच येतो.

या रागाचं माझं शिक्षण चर्चगेटजवळच्या महिंद्रा स्टेडियमच्या पायऱ्यांवर झालं. वानखेडे तिथून हाकेच्या अंतरावर. तिकडे सामना असला की निळ्या जर्सींचा लोंढा याच भागातून जातो आणि इकडे कुणी वळूनही बघत नाही. मला संध्याकाळचे सामने आवडतात. खेळ सुरू होण्याआधी टर्फवर पाण्याचे फवारे सोडतात, हिरवा रंग गडद होत जातो, त्यावर दिव्यांचा उजेड सांडतो आणि मुंबईच्या दमट हवेत ओल्या मैदानाचा नि समुद्राचा मिळून एक वास तयार होतो. पहिलाच फटका बसतो तेव्हा चेंडूमागून पाण्याची बारीक शेपटी उठते. पायऱ्यांवर माणसं मोजकीच. रेल्वेकडून, बँकांकडून, कस्टम्सकडून कधीकाळी खेळलेली, आता गुडघ्यावर हात टेकत वर चढणारी. खेळाडू त्यांना ओळखत नाहीत. ते मात्र खेळाडूंना बापाच्या नावासकट ओळखतात.

त्यांतले एक वांद्र्याचे अंकल. ते अजून ‘राइट इन’, ‘लेफ्ट आउट’ अशा भाषेत बोलतात. आजच्या हॉकीत त्या जागा कधीच विरघळून गेल्या, पण अंकलच्या मनातल्या मैदानावर पाच फॉरवर्ड अजून रांगेत उभे आहेत. त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मध्यरेषेपाशी होणारी ये-जा. “सांग ना बाय, आत्ता त्याला बाहेर कशाला काढला? आत्ताच तर तो गरम झालेला!”

खरं तर त्याचं उत्तर साधं आहे. हॉकीत खेळाडू बदलण्यावर संख्येची मर्यादा नाही. खेळ न थांबवता, कितीही वेळा, आतला बाहेर आणि बाहेरचा आत. फक्त पेनल्टी कॉर्नर चालू असताना नाही. आघाडीचा खेळाडू काही मिनिटं फुप्फुसं फाटेपर्यंत पळतो, बाहेर येऊन पाण्याचे दोन घोट घेतो आणि पुन्हा आत जातो. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग या वेगाने खेळायचे तर दुसरा इलाज नाही. डग-आउटमध्ये कुणीतरी घड्याळ आणि कागद घेऊन या फेऱ्यांचा हिशेब ठेवत असतं. अंकलना तो हिशेब मान्य नाही. त्यांच्या मते चांगला खेळाडू हा रागासारखा चढत जातो, आलाप संपल्यावर तानपुरा काढून घ्यायचा नसतो. यावर मी त्यांच्याशी वाद घालते, पण मनात त्यांची बाजू थोडी तरी पटलेली असते.

मात्र ये-जा हा वरवरचा राग. खालचा राग जुना आहे आणि त्याला तारीख आहे. डिसेंबर १९९८. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोक्सवर हरवलं. आशिष बल्लाळ गोलात भिंतीसारखा उभा राहिला. आशियाई सुवर्ण बत्तीस वर्षांनी आलं होतं, १९६६ नंतर पहिल्यांदा. कर्णधार होता धनराज पिल्ले. खडकीचा. दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या वडिलांचा मुलगा, मोडक्या स्टिका जोडून खेळायला शिकलेला. बॉल मिळाला की तो आधी केस उडवत धावायचा आणि विचार नंतर करायचा, असं वाटायचं. प्रत्यक्षात त्याचा विचार त्या धावण्यातच व्हायचा.

पुढच्या मालिकेसाठी, तीही पाकिस्तानविरुद्ध, जो संघ निवडला गेला त्यात धनराज नव्हता. बल्लाळ नव्हता. आणखी काही ज्येष्ठ नव्हते. प्रशिक्षक महाराज किशन कौशिक यांनाही जावं लागलं. ज्येष्ठांना विश्रांती दिली, असं अधिकृतपणे सांगण्यात आलं. खेळाडूंनी पैशांबद्दल आणि परदेश दौऱ्यांतल्या हालांबद्दल तोंड उघडलं म्हणून ही शिक्षा झाली, असं सगळीकडे बोललं गेलं. खरं काय ते फाइलींत असेल. पण सुवर्णपदक जिंकून आलेल्या संघाला महिन्या-दोन महिन्यांत मोडता येतं, हे आम्ही त्या वेळी पाहिलं. तेव्हापासून कुणाचंही वगळलं जाणं आम्हाला निव्वळ खेळाचा निर्णय वाटत नाही. प्रशिक्षक म्हणतो, ‘रचनेत बसत नाही.’ आम्ही विचारतो, ‘कुणाच्या?’

त्यानंतरची वर्षं या संशयाला खतपाणीच घालत गेली. अथेन्स २००४ च्या तोंडावर प्रशिक्षक बदलला, जर्मनीहून गेऱ्हार्ड राख आले. आपल्या चौथ्या ऑलिंपिकमध्ये धनराज बराच वेळ बाकावर दिसला आणि भारत सातवा आला. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागोत ब्रिटनकडून हरल्यावर १९२८ नंतर पहिल्यांदाच भारत ऑलिंपिकबाहेर राहिला. प्रशिक्षक वाकीम कार्व्हालो यांनी पद सोडलं. ते मुंबईचे, त्यामुळे आमच्या पायऱ्यांवर त्या दिवसांत शोककळाही होती आणि आपसांत भांडणंही. मग परदेशी प्रशिक्षकांची रांग लागली. ब्रासा, नॉब्स, वॉल्श, व्हॅन आस, ओल्टमन्स. २०१७ मध्ये ओल्टमन्सना काढून महिला संघाच्या मरिन्येंना पुरुष संघाकडे आणलं, त्यांच्या जागी हरेंद्रसिंग गेले, आणि काही महिन्यांतच दोघांची पुन्हा अदलाबदल झाली. शेजारणींनी पातेली बदलून घ्यावीत तसा सगळा प्रकार. गंमत अशी, की पुरुष संघाला नको झालेल्या याच मरिन्येंनी टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेलं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर अंकलनी चहाचा कप खाली ठेवला असता.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला पायऱ्यांवर एकटीलाच लढवावी लागते. टोकियोच्या पुरुष संघाच्या मूळ सोळांत सिमरनजीत सिंग नव्हता, तो राखीव होता. महामारीमुळे राखीव खेळाडूंनाही खेळवण्याची मुभा मिळाली. जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात भारत १-३ असा मागे होता, शेवटी ५-४ असा जिंकला, आणि त्यात दोन गोल या सिमरनजीतचे. एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं ते अशा खेळाडूच्या स्टिकवरून, ज्याला निवडणाऱ्यांनी आधी बाहेर ठेवलं होतं. अंकल म्हणतात, बघ, त्यांना कळत नाही. मी म्हणते, बाहेर ठेवला तरी जवळ तर ठेवला होता.

पॅरिसमध्ये तर निवड कुणाच्याच हातात उरली नाही. उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. ब्रिटनविरुद्ध उरलेला सगळा सामना दहा जणांनी ओढून नेला आणि शूटआउटमध्ये गोलरक्षक श्रीजेशने तो जिंकून दिला. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, म्हणून जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारताकडे पंधराच खेळाडू होते. २-३ अशी हार झाली. मग स्पेनला हरवून कांस्य. प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांची हॉकी बचावापासून सुरू होते. त्यांना आधी गोल न खाण्याची काळजी. आमच्या पायऱ्यांना ती कंजूष वाटते. पण ते दहा जण ज्या शिस्तीने आपल्या डीभोवती सरकत होते, ती शिस्त कुणीतरी महिनोन्महिने घोटून घेतली होती, आणि तो माणूस फुल्टनच होता.

तरीही राणी रामपालचं मला अजून पचत नाही. टोकियोला जायची वाट तिच्या गोलने उघडली, तिथे कर्णधार तीच होती, आणि २०२२ च्या विश्वचषकाच्या यादीत ती नव्हती. कारण तंदुरुस्तीचं होतं, आणि ते खरंही असेल. पण खरं कारणसुद्धा धड सांगितलं नाही की बनाव वाटू लागतं. फलटण भागातून वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ यांच्यासारख्या मुली भारताच्या संघापर्यंत पोचल्या, तेव्हा मला आनंदाच्या पाठोपाठ त्यांचीच काळजी वाटली. त्यांच्या गावांत आता यादीची वाट पाहणारी माणसं आहेत. यादी जाहीर करताना कर्णधार कोण, स्पर्धा कुठे, गटात कोणते संघ, हे सगळं तपशिलाने सांगतात. नाव न आलेल्याबद्दल दोन ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो?

पॅरिसच्या कांस्यानंतर अंकलचा फोन आला. अभिनंदन एका वाक्यात उरकून ते थेट पुढच्या संघावर आले. पाच फॉरवर्ड हवेत, असा त्यांचा आग्रह. मी म्हटलं, अंकल, त्या पाचांच्या मागे मोकळ्या मैदानात जर्मनी काय करील याचा विचार करा. ते म्हणाले, जर्मनीला बॉल मिळाला तर ना! अर्धा तास आम्ही फळ्या मांडल्या आणि मोडल्या. त्यांनी काढलेला प्रत्येक जण मला हवा होता, मी काढलेला प्रत्येक त्यांना. एकमत झालं ते फक्त गोलरक्षकावर, श्रीजेशवर, आणि तो तर आदल्याच दिवशी निवृत्त झाला होता.