त्यांनी नोकरी सोडली, मी धरून ठेवली

मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये एका मॅडमनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मोठ्या पगाराची नोकरी सोडून गावी शेती करायला गेलेल्या एका तरुणाची गोष्ट होती. तो संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांनीपण असंच केलं ना? किती छान!" मी हसले आणि तासाला गेले. छान आहेच. पण ती गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी आज लिहिते.

माझं सासर मिरजेचं, तंतुवाद्यं बनवणाऱ्यांचं. ही घराणी मूळची शिकलगार. तलवारींना, हत्यारांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. हत्यारांचा जमाना सरला, तसं एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतार-तंबोऱ्याचं काम हाती घेतलं. म्हणजे धंदा बदलणं आमच्या घराण्याला नवीन नाही. फरक इतकाच, की त्यांनी पोटासाठी बदलला आणि माझ्या शौहरांनी मनासाठी.

सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, मुलाला मुद्दाम या कामापासून लांब ठेवलं. "बेटा, इस काम में नाम है, पेट नै भरता," असं ते म्हणायचे. मुलगा इंजिनिअर झाला, पुण्याला एका मोठ्या कंपनीत लागला, पंधरा वर्षं टिकला. मी पुणे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत. दोन मुलं, हप्त्यावरचं घर. गाडी रुळावर होती.

२०१८ मध्ये अब्बांचे हात थरथरू लागले. भोपळा कापणं, दांडी जोडणं ही कामं कारखान्यातली इतर माणसं करत होती. अडलं ते जवारीपाशी. तार ज्या घोडीवरून जाते, तिचा माथा कानसेने इतका बारीक घासायचा, की तार घोडीला नुसती चाटून जावी. मग आवाजाला ती गुंजणारी आस येते. एक घासा जास्त झाला की आवाज मेला, पुन्हा पहिल्यापासून. हे मोजपट्टीने शिकवता येत नाही. हे दर शनिवारी रेल्वेने मिरजेला जाऊन अब्बांशेजारी बसू लागले. अब्बा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "अभी नै." सोमवारी हे कामावर परतायचे, पण मन तिथेच राहिलेलं असायचं. ते मला दिसत होतं.

जानेवारी २०२०. रविवारचा चहा झाल्यावर म्हणाले, "मी राजीनामा दिलाय." देऊ का, असं नाही. दिलाय.

दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला. हे मिरजेत, मी मुलांसह पुण्यात. मैफली बंद, गाण्याचे क्लास बंद. हातातल्या दोन ऑर्डरी गेल्या. मोबाइलमधला तंबोरा फुकट वाजत असताना लाकडाचा तंबोरा त्या दिवसांत कोण घेणार? घराचा हप्ता, मुलीची फी, मिरजेचं दवाखान्याचं बिल, सगळं माझ्या पगारावर आलं. त्या वर्षी ईदला मुलांना नवे कपडे घेतले नाहीत. दुकानं बंद आहेत असं मी त्यांना सांगितलं. दुकानं उघडी असती, तरी घेता आले नसते.

एका रात्री फोनवर माझा बांध फुटला. हे म्हणाले, "मी इस्तिखारा केला होता." मी म्हटलं, "अल्लाहकडे वाट मागितलीत, चांगलं केलंत. माझ्याशी मशवरा का नाही केला?" बाळाचं दूध तोडायचं असेल, तरी आई-बापांनी दोघांच्या राजीखुशीने, आपसात सल्ला करून ठरवावं, असं सूरह बकरामध्ये आहे. मग घराचा पगार तोडताना नको? पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

आपल्याकडे बायकोची कमाई शरियतने बायकोची आहे. घरखर्च नवऱ्याच्या जिम्म्यावर. बायको घरात घालते तो तिचा हक्क सोडणं असतं. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद यांच्या पत्नी जैनब यांनी, नवऱ्यावर खर्च केलेला सदका ठरेल का, असं विचारायला पाठवलं होतं. दुप्पट सवाब आहे, असं उत्तर मिळालं. पुरुषांना ही हदीस सांगितली की ते दुप्पट सवाबापाशी थांबतात. पण सदका म्हटलं, म्हणजे तो पैसा तिचा होता हे आधी मान्य केलं, याकडे लक्ष जात नाही.

ह्यांचं मात्र गेलं, हे सांगायला हवं. त्या फोननंतर त्यांनी एका शाळेच्या वहीत माझ्या पगारातून झालेला खर्च लिहायला सुरुवात केली. तारीख, रक्कम, कशासाठी. मला हे दोन वर्षं माहीत नव्हतं.

२०२२ मध्ये माझी बदली सांगली जिल्ह्यात झाली आणि आम्ही एका छताखाली आलो. आता काम बरं चालतं. नव्या वाद्यांपेक्षा दुरुस्ती आणि जवारीची कामं जास्त येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, गल्लीत पेढे वाटले. तरीही ह्यांची कमाई जुन्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच आहे. पण माणूस रात्री शांत झोपतो. आणि मागच्या वर्षी एका तंबोऱ्याची तार छेडल्यावर अब्बा डोळे न उघडता म्हणाले, "हां, अब बोला." ह्यांनी कानस खाली ठेवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्या दिवशी माझा बराचसा राग गेला.

गेल्या रमजानमध्ये ह्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या पानावर बेरीज होती, खाली थोडी थोडी परतफेड. म्हणाले, "बाकीचं माफ करशील?" मी म्हटलं, "विचार करून सांगते. तुम्ही विचारलंत, हे बरं केलंत."

वही माझ्या कपाटात आहे. थोडं माफ करणार आहे, सगळं नाही.

माझे काही जुने विद्यार्थी आता कंपन्यांमध्ये आहेत. त्यांच्यातलं कुणीतरी अधूनमधून फोन करतं, "टीचर, नोकरी सोडून स्वतःचं काही करावंसं वाटतं." मी नको म्हणत नाही. एवढंच विचारते, "तू सोडल्यावर घरात नोकरी कोण धरून ठेवणार आहे? त्या माणसाला विचारलंस का?"