वंगणावाचून फिरणारे चाक

ओसाड क्षितिजावरून एक पुरुष, एक स्त्री, दोन मुले आणि त्यांची कुत्री फार सावकाश जवळ येत असतात, आणि तेवढा वेळ बैलगाडीच्या कोरड्या चाकाची करकर कानांत घुसत राहते. गाडी मात्र कोठेच दिसत नाही. 1963 सालचा ‘विदास सेकास’, म्हणजे शुष्क आयुष्ये, हा ब्राझिलचा चित्रपट मी प्रथम पाहिला तेव्हा ते चाक बराच वेळ शोधीत होतो. पुढे उमगले की दिग्दर्शक नेल्सन परेरा दोस सांतोस यांनी संगीताच्या जागी हा आक्रोशच योजिला आहे.

ग्रासिलियानो रामोस यांच्या 1938 सालच्या कादंबरीवरून त्या देशाच्या ईशान्येकडील सेर्तांव या अवर्षणप्रवण मुलखाचे चित्रण करण्यास ते आधीही एकदा निघाले होते. परंतु ज्या पावसासाठी तेथील रयत जन्मभर आकाशाकडे डोळे लावून बसते तो नेमका तेव्हाच कोसळला, माळ हिरवा झाला, आणि हिरव्या माळावर दुष्काळ रचण्यापेक्षा त्यांनी हाताशी असलेल्या मंडळींसह निराळाच चित्रपट करणे पत्करले. ही निष्ठा मला कोणत्याही कलासिद्धान्ताहून थोर वाटते. पुढे आलागोआस प्रांतात लुईस कार्लोस बारेतो यांनी त्या उन्हाची धार कोठेही बोथट न करता छायाचित्रण केले, तेव्हा आकाश निळेकरडे न उरता पांढरेफटक झाले.

त्या कुटुंबातील पुरुषाची, गुराखी फाबियानोची, मजुरी व्याजाच्या नावाखाली कापून घेणारा मालक आणि अंगावरील वर्दीच्या बळावर त्याला कैदेत टाकविणारा शिपाई आपल्याही ओळखीचे आहेत. परंतु मन अडकते ते थोरल्या मुलापाशी: ‘नरक’ हा शब्द कानी पडल्यावर त्याचा अर्थ आईला विचारून चापट खाणारा तो पोर तोच शब्द पुटपुटत भोवतालच्या जमिनीकडे पाहू लागतो.

आजारी कुत्रीला, बालेयाला, फाबियानो गोळी घालतो तो प्रसंग इतका खरा उतरला की कान चित्रपट महोत्सवात 1964 साली ती सुखरूप असल्याची खात्री पटविण्यासाठी तिला विमानाने तेथवर न्यावे लागले. मला तिच्याइतकीच फाबियानोची बायको सिन्या वितोरिया आठवते, जिला सबंध जन्मात चामड्याचा एक पलंग हवा होता. तो न मिळताच शेवटी ती पुन्हा गाठोडे डोक्यावर घेते आणि कधीतरी आपण माणसांत जमा होऊ का, असे चालता चालता नवऱ्याला विचारते. आकृत्या लहान होत जातात, आणि ते चाक पुन्हा करकरू लागते.