दोन तासांच्या रस्त्याचे चार दिवस

एडिसनहून पुकिप्सीला जायला फोनमधला नकाशा दोन तास सांगतो. लेक न्यू जर्सीत एडिसनला आणि आईवडील डोंबिवलीच्या मानपाड्यात, अशी घरं आता कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुष्कळ आहेत. ठाण्याच्या मानपाड्यात, घोडबंदर रस्त्यावरही तेच. नकाशातले दोन तास पाहिले की बेत आपोआप ठरतो. सकाळी लवकर निघायचं, रंगलेली पानं बघायची, फोटो काढायचे, रात्री वरणभाताला घरी. या दोन तासांचे चार दिवस करू, असं कुणी म्हणालं तर व्हिडिओ कॉलवर क्षणभर कुणीच काही बोलत नाही.

पण त्या रस्त्याच्या टोकाला, हडसन नदीकाठच्या दफनभूमीत, कल्याणात जन्मलेल्या एका बाईची रक्षा आहे. हे एकदा कळलं की दोन तास फार कमी वाटू लागतात.

आनंदीबाई जोशी ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मल्या. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा गोपाळराव पोस्टातला, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. गोपाळरावांची बदली अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशी होत गेली आणि त्या बदल्यांबरोबर ही मुलगी शिकत गेली. गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र लिहिलं. वाइल्डरने धर्मांतराचा सल्ला दिला आणि पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेल्या मासिकात त्यांनी ते पत्र वाचलं आणि घरी जाऊन हिंदुस्थानातल्या त्या अनोळखी मुलीला लिहायला घेतलं.

मराठी वाचकाला पुढची गोष्ट साधारण ठाऊक असते. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ सालची, चित्रपट २०१९ चा. तरी नकाशा समोर ठेवून ती गोष्ट पुन्हा वाचण्यासारखी आहे, कारण एरवी गोपाळरावांच्या हट्टाने आणि आनंदीबाईंच्या सोसण्याने ती इतकी भरून जाते की जागा दिसेनाशा होतात. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. समुद्रावर जवळजवळ दोन महिने, बरोबर नात्यातलं कुणी नाही. तिथून त्या रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी राहायला गेल्या आणि त्यांना मावशी म्हणू लागल्या.

त्याच वर्षी, १९ जानेवारीला, रोझेल गावात थॉमस एडिसनने खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावले होते. डोक्यावरच्या तारांमधून गावभर वीज नेण्याचा त्याचा तो पहिला प्रयोग. कल्याणात जन्मलेली, समईच्या उजेडात वाढलेली मुलगी तिथे पोचली तेव्हा त्या दिव्यांना पाच महिनेही झाले नव्हते. त्या दिव्यांखालून आनंदीबाई संध्याकाळी कधी चालल्या असतील का, हे कोणत्याही चरित्रात शोधण्यापेक्षा एकदा त्या गावात मुक्काम करून संध्याकाळी पायी हिंडावं. आजचं रोझेल हे काही पाहण्याचं ठिकाण नाही. साधी घरं, अंगणात मोठी झाडं, चर्च, शाळेची बस. एडिसनहून अर्ध्या तासाचं अंतर. कुठल्याही सहलीच्या यादीत त्याचं नाव सापडत नाही आणि चार दिवसांतली पहिली दुपार तिथेच घालवायला हवी.

त्या वर्षीचा पानगळीचा ऋतू सुरू झाला आणि आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. पुढच्या अडीच वर्षांतले हिवाळे त्यांच्या छातीला मानवले नाहीत. ११ मार्च १८८६ ला त्या एम. डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली, पण क्षयाने तिथे पोचूच दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे धाडली. बाईंनी ती पुकिप्सीला, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. दगडावर लिहिलं आहे की शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री.

रक्षा नदीत सोडण्याच्या रीतीतल्या घरातून ती सातासमुद्रापार एका मैत्रिणीकडे जाते आणि ती मैत्रीण तिला आपल्या माणसांत जागा देते. गोपाळरावांच्या आयुष्यभराच्या साऱ्या कृतींत ही एक सर्वांत कोवळी म्हणावीशी वाटते.

तर बेत. तो कॅलेंडरवरून सुरू होतो, आणि मानपाड्यातल्या घरात कॅलेंडर म्हणजे कालनिर्णय. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्याने गणपती १४ सप्टेंबरपर्यंत लांबतात. अनंत चतुर्दशी २५ ला, घटस्थापना थेट ११ ऑक्टोबरला. मधला पंधरवडा पितरांचा. या दिवसांत कुणी फ्लॅट बुक करत नाही, गाडी घेत नाही, मुलगी बघायला जात नाही. अमेरिकेत ऑक्टोबरचा दुसरा सोमवार सुट्टीचा, त्या वर्षी तो १२ तारखेला येतो. त्या सलग सुट्टीत हडसनकाठचे रस्ते पानं पाहणाऱ्या गाड्यांनी तुंबतात, खोल्या मिळत नाहीत. म्हणजे इथली गर्दी संपलेली आणि तिथली अजून सुरू न झालेली, असे मोकळे दिवस दोन्ही पंचांगांत एकाच जागी येतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा.

‘पितृपक्षात कसली सहल?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. ज्या घरी तिथी आहे तिथे ती आधी. पण भाद्रपद वद्य नवमीला अविधवा नवमी म्हणतात. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा तो दिवस. आनंदीबाई गोपाळरावांच्या आधी गेल्या. मूलबाळ राहिलं नाही, त्यामुळे त्यांच्या नावाने पान वाढणारं वंशातलं कुणी नाही. त्या आठवड्यात कल्याण-डोंबिवलीकडचं कुणी पुकिप्सीला पोचलं तर पितृपक्षाला त्याहून शोभणारं दुसरं काम सुचत नाही.

आणि नेमके तेच दिवस तिकडे पानं पालटण्याचे. पुकिप्सी विषुववृत्तापासून साधारण ४१.७ अंश उत्तरेला, डोंबिवली १९.२ अंशांवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोंबिवलीचा दिवस रोज साधारण मिनिटभराने आखडतो, पुकिप्सीचा सुमारे पावणेतीन मिनिटांनी. झाडाला हा फरक समजतो. देठाच्या बुडाशी पडदा तयार होऊ लागतो, हरितद्रव्य विरतं आणि पानात आधीपासूनच असलेला पिवळा उघडा पडतो. लाल मात्र नव्याने बनतो. उन्हाचे दिवस आणि गार रात्री लागोपाठ आल्या की पानात अडकलेल्या साखरेतून शुगर मेपलसारखी झाडं तो तयार करतात. जायच्याच वेळी रंगावर एवढी शक्ती झाड का खर्च करत असेल, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत अजून वाद आहेत.

न्यू यॉर्क राज्याचं पर्यटन खातं शरदात दर आठवड्याला कुठे किती रंग चढला याचा अहवाल देतं. तो चाळला की कळतं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रंगांचा कळस दूर उत्तरेच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत असतो. हडसनच्या खालच्या खोऱ्यात अजून सुरुवातच. सहलींची जाहिरात नेहमी कळसाची असते. पण सुरुवातीतच बघण्यासारखं जास्त असतं. दलदलीतला एखादाच रेड मेपल पेटलेला, कुंपणावरचा वेल लालभडक आणि मागचं सारं रान हिरवं. बांधांवर गोल्डनरॉडची पिवळी तुरेदार झाडी आणि जांभळे ॲस्टर. कासच्या पठारावर भाद्रपदात सोनकी पाहिलेल्या डोळ्यांना हे पिवळं परकं वाटणार नाही. सोनकी, गोल्डनरॉड आणि ॲस्टर एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडी चालवणाऱ्याने कल्याणच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्यावं. ते वर्षभर चालतं, मूळ लायसन्सही जवळ लागतं. तिथे गाडी उजवीकडून चालते आणि इंडिकेटर डाव्या हाताला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर वायपर फिरतात. लाल दिवे लुकलुकवत शाळेची बस थांबली की मागच्यानेच नव्हे, समोरून येणाऱ्यानेही थांबायचं. मुलांसाठी दोन्हीकडचा सगळा रस्ता थांबवणारा हा नियम शीळ रस्त्यावर यायला हवा. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला १९४९ पासून कायद्याने मनाई आहे, आपल्यासारखा पंपावरचा माणूसच भरतो. न्यू यॉर्कची हद्द लागली की स्वतःच उतरून नळी धरायची.

दुसरा दिवस रस्त्याचा. तो निवडताना हायवे टाळावा. पॅलिसेड्स पार्कवे हडसनच्या पश्चिम कड्यावरून झाडांतून वर जातो. त्यावर ट्रकांना बंदी आहे. मेट्रोच्या खांबांमधून, कंटेनरच्या मागे मागे कटई नाक्यापर्यंत जायची सवय असलेल्या माणसाला ट्रकांवाचूनचा रस्ता म्हणजे काय हे निराळं सांगायला नको. मग १९२४ चा बेअर माउंटन पूल ओलांडायचा आणि पलीकडे ९-डी हा अरुंद रस्ता धरून नदीच्या कडेकडेने कोल्ड स्प्रिंग, बीकन अशी गावं घेत वर जायचं. या नदीला भरती-ओहोटी असते, ती समुद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, ट्रॉय गावापर्यंत चढते. मूळच्या रहिवाशांनी तर तिला दोन्ही दिशांना वाहणारी म्हणूनच ओळखलं. उल्हासच्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा फिरताना पाहिलेल्या कल्याणकराने काठावर थोडं थांबून त्या वेळी ती कुणीकडे वाहते आहे हे पाहावं.

तिसरा दिवस सबंध पुकिप्सीचा. तिथल्या दफनभूमीच्या नावातच ‘रुरल’ आहे. १८३१ साली केंब्रिजजवळ माउंट ऑबर्न झाली आणि चर्चच्या अंगणातली दाटीवाटीची थडगी सोडून गावाबाहेर, टेकड्यांवर, झाडं लावून दफनभूमी करायची पद्धत अमेरिकेत रुजली. लोक रविवारी तिथे फिरायला येत, शिदोरी आणत. सार्वजनिक बागा पुढे आल्या, त्याही यांच्याच पाठोपाठ. त्यामुळे इथे मेपल आणि ओक बघायला वेगळं जावं लागत नाही. याच दफनभूमीत मॅथ्यू व्हॅसर आहे. धंद्याने बिअर बनवणारा, आणि १८६१ साली मुलींसाठी व्हॅसर कॉलेज काढणारा. मुलींना कॉलेज देणारा एक आणि कॉलेजासाठी जग पालथं घालणारी एक, एकाच दफनभूमीतल्या झाडांत आहेत. दोन्ही ठिकाणी जावं. मुलं बरोबर असतील तर त्यांना तारखा सांगाव्यात, बाकीचं ती विचारतील.

चौथ्या दिवशी पूल. पुकिप्सीचा जुना रेल्वेपूल १८८९ च्या सुरुवातीला खुला झाला, ऑल्बनी आणि न्यू यॉर्क शहर यांच्यामधला हडसनवरचा तो पहिलाच. १९७४ साली आगीने बंद पडला, आणि ३ ऑक्टोबर २००९ ला चालणाऱ्यांसाठी पुन्हा उघडला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त, खालचं पाणी दोनशे फुटांहून अधिक अंतरावर. सत्तरीतल्या गुडघ्यांनाही तो झेपतो, चढ नाही.

पलीकडे न्यू पाल्ट्झच्या बाजूला सफरचंदांच्या बागा. तिथे पिशवी घेऊन आपणच तोडायची असतात. मॅकिन्टॉश सप्टेंबरपासून, आणि एम्पायर नावाचं आंबटगोड फळही. मॅकिन्टॉश आणि रेड डिलिशसचा हा संकर १९६६ साली याच राज्यात प्रसिद्ध झाला. कल्याणच्या बाजारसमितीत याच महिन्यांत हिमाचलचा डिलिशस उतरतो. ती जात तिकडे नेली फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल स्टोक्सने. तो १९०४ साली हिंदुस्थानात आला, शिमल्याजवळ कोटगढला राहिला आणि १९१६ साली त्याने अमेरिकेहून रोपं आणवली. आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकायला आल्या त्या शरदात स्टोक्स वर्षासव्वावर्षाचा होता. बागेत चवीला फोड देतात, ती खाताना मानपाड्याच्या फळवाल्याकडचं सफरचंद जास्त गोड होतं असं आईने म्हटलं, तर लेकीने ते मान्य करावं. डिलिशस खरंच जास्त गोड असतो. पण एम्पायरचा करकरीतपणा त्याच्यात नाही.

त्या दिवशी पुढे कॅट्सकिल डोंगराकडे जायचं की परतायचं, हे मोकळं ठेवावं. थॉमस कोल हा चित्रकार १८२५ साली तिथे पहिल्यांदा गेला, तिथल्या चित्रांतून चित्रकारांचं एक सबंध घराणं उभं राहिलं आणि कोलचं घर आजही बघता येतं. जायचं असेल तर दुपारीच निघावं. ऑक्टोबरपासून हरणांचा माजाचा काळ सुरू होतो, सांजवेळी ती झाडीतून थेट रस्त्यावर येतात, आणि एक गेलं की मागून दुसरं येतंच. साडेसहाच्या आत गाडी उभी करून खोलीवर असावं.