आले, करते, येईन

मराठीत स्वतःविषयी बोलणे म्हणजे पावलोपावली जबानी देणे होय, हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने नव्हे, तर एका पारलिंगी स्त्रीच्या काव्यवाचनाने शिकविले. तिच्या कवितेतले पहिलेच क्रियापद 'आले' हे होते. खर्जातल्या त्या भरदार कंठातून एकार उमटताच मागच्या रांगेत हशा पिकला, आणि तिने क्षणभर थांबून तोच शब्द पुन्हा, अधिक सावकाश उच्चारला.

पारलिंगी कवयित्री कल्की सुब्रमणियम ज्या तमिळमध्ये लिहितात, विजयराजमल्लिका ज्या मल्याळममध्ये लिहितात, त्या भाषांतले 'मी'चे क्रियापद स्त्री-पुरुष भेद दाखवीत नाही. मराठीतले दाखविते, आणि म्हणून दिशा पिंकी शेख यांच्यासारख्या पारलिंगी कवयित्रीला स्त्री म्हणून बोलण्याचा हक्क ओळीओळीला नव्याने शाबीत करावा लागतो. ज्ञानदेवांच्या विरहिणी, नाथांच्या गौळणी, होनाजींच्या लावण्या, या साऱ्यांत पुरुष स्त्रीच्या वाणीने बोलले व आपण भक्तिभावाने वा रसिकतेने माना डोलावल्या. परंतु तेथे अखेरच्या चरणातली नाममुद्रा कवीला त्याच्या पुरुषपणात सुखरूप परत आणून सोडीत असे. पारलिंगी कवयित्रीच्या कवितेत मुद्राही तिची, क्रियापदही तिचेच. परतायचे असे दुसरे घर नाही.

सरकारदरबारचा इतिहास याहून कठोर आहे. १८७१च्या कायद्याने ज्या तृतीयपंथीयांची नावे दफ्तरी चढविली, त्यांनी चारचौघांत स्त्रीवेष केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होती. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे लिंग स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला, तरी २०१९च्या कायद्याने जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दाखल्याची अट घातलीच.

मात्र भाषेची सक्ती मी निव्वळ जाच मानीत नाही, कारण ज्या एकारासाठी बालपणी मार खाल्ला असेल, तो भर सभेत, यमकासह, उच्चारण्याचे सुख मराठीच अशा कवयित्रीला देऊ शकते. आणि प्रेमाच्या बाबतीत तर आपले व्याकरण विलक्षणच वागते. 'मी प्रेम केले' म्हणताना क्रियापद 'प्रेम' या नपुंसकलिंगी नामाच्या अधीन असते, बोलणारी व्यक्ती झाकलेली राहते. सरलेल्या प्रेमाची कोणी झडती घेत नाही. 'मी प्रेम करते' म्हटले, की ती उजेडात येते. रात्री जवळ येणारा आणि दिवसा बाजारात ओळख न दाखविणारा प्रियकर त्या दिवशीच्या कवितांतून वारंवार भेटत होता, आणि त्याच्याविषयी सांगताना तिने भूतकाळाचा आडोसा एकदाही घेतला नाही. प्रत्येक वेळी 'करते'. हे धैर्य मला तिच्या प्रतिमांहूनही मोठे वाटले.

शेवटच्या कवितेचा शेवटचा शब्द 'येईन' होता. भविष्यकाळी 'मी'ला लिंग नसते. मागच्या रांगेला हसण्याजोगे त्यात काहीच नव्हते. तिने कागदाची घडी घातली, पदर सारखा केला, आणि कविता संपली हे सभेच्या ध्यानी येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.